'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय': कडक साहेब कोसळतो तेव्हा

लष्करी गाडी विमानतळाच्या थोडी अलीकडे थांबते. ब्रिगेडियर जनरल फ्रँक सॅव्हेज पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला असतो. तो खाली उतरतो आणि दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून सिगारेट ओढतात. यातला एक जनरल आहे आणि दुसरा सार्जंट, हे त्या मिनिटभरात ओळखू येणार नाही इतकं ते मोकळं असतं. मग सॅव्हेज सिगारेट विझवतो, सार्जंटला निघायची खूण करतो आणि या वेळी मागच्या सीटवर जाऊन बसतो. फाटकावरचा पहारेकरी ओळखपत्र न बघताच गाडी आत सोडतो. सॅव्हेज तिथेच त्याची अशी खरडपट्टी काढतो की पुढच्या दहा मिनिटांत नवा साहेब कसा आहे ते सगळ्या तळाला कळतं.

१९४९ सालच्या 'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय' या सिनेमातला हा प्रसंग. सिनेमा पुन्हा बघताना मी दरवेळी इथे थबकतो. सॅव्हेज स्वभावाने कठोर नाही. पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर जाताना तो ठरवून कठोर होतो, आणि तसं राहायला त्याला रोज काहीतरी खर्च करावं लागणार आहे. तो खर्च किती आणि तो कुठवर झेपतो, याच्यावर अख्खा सिनेमा उभा आहे. सव्वादोन तासांच्या आसपासच्या या युद्धपटात हवाई लढाईचं मोठं दृश्य एकच आहे, तेही शेवटाकडे. बाकी सगळा वेळ खोल्या, खुर्च्या, फोन, नकाशे आणि माणसांचे चेहरे.

आपल्याकडे ग्रेगरी पेक म्हटलं की 'मॅकेनाज गोल्ड' आठवतो. इथला पेक वेगळा आहे. दिग्दर्शक हेन्री किंग, आणि कथा-पटकथा साय बार्टलेट व बर्न ले या दोन माजी हवाईदल अधिकाऱ्यांची. मेजर स्टोव्हल ही प्रौढ कार्यालयीन अधिकाऱ्याची भूमिका करणाऱ्या डीन जॅगरला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, ध्वनिमुद्रणालाही मिळालं. पण या लेखाचा विषय पुरस्कार नाही. बॉम्बर विमानातल्या माणसांवर येणारा ताण म्हणजे नेमकं काय होतं, तो इतका वेगळा का होता आणि सिनेमाने तो इतका अचूक कसा पकडला, हे समजून घ्यायचं आहे.

दिवसाढवळ्या बॉम्ब टाकायचे म्हणजे काय

काळ १९४२-४३चा. जर्मनीवर बॉम्बहल्ले करण्यासाठी अमेरिकेची 'एट्थ एअर फोर्स' इंग्लंडमध्ये उतरली होती. ब्रिटिशांनी दिवसा बॉम्बफेक करून पाहिली होती, मार खाल्ला होता आणि ते रात्रीकडे वळले होते. रात्री विमानं वाचतात, पण बॉम्ब नेमके कुठे पडतात ते सांगता येत नाही. अमेरिकनांचं म्हणणं असं की आम्ही दिवसा जाऊ आणि कारखाना बघून कारखान्यावरच बॉम्ब टाकू. जानेवारी १९४३ मध्ये कॅसाब्लांका इथे चर्चिल आणि रूझवेल्ट भेटले, तेव्हा हा हट्ट सोडून द्यावा असा ब्रिटिशांचा दबाव होता. अमेरिकी बॉम्बर दलाचे प्रमुख आयरा ईकर यांनी तिथे जाऊन चर्चिल यांचं मन वळवलं. ब्रिटिश रात्री, अमेरिकन दिवसा, म्हणजे जर्मनीला चोवीस तास उसंत नाही, असा तो युक्तिवाद होता.

कागदावर हे छान दिसतं. पण त्या वेळी सोबत जाणाऱ्या लढाऊ विमानांचा पल्ला अपुरा होता. ती थोड्या अंतरापर्यंत साथ देत आणि मागे फिरत. पुढे बॉम्बर एकटे. त्यांचा बचाव म्हणजे एकमेकांची सोबत. बी-१७ विमानावर चहूबाजूंनी मशीनगन असत. वीस-पंचवीस विमानं एकमेकांना चिकटून, ठरावीक उंचीच्या फरकाने उडली की त्यांच्या बंदुकांचे मारे एकमेकांत गुंततात आणि शत्रूला आत शिरायला जागा राहत नाही. याला फॉर्मेशन म्हणायचं. एक विमान जरी मागे रेंगाळलं तरी जर्मन वैमानिक आधी त्याच्यावर तुटून पडत, आणि त्याने सोडलेल्या जागेतून मग शेजारच्यावर.

हे लक्षात घेतलं की सॅव्हेजच्या कडकपणामागचं कारण कळतं. सिनेमात एक वैमानिक संकटात सापडलेल्या मित्राला, आपल्या खोलीतल्या सोबत्याला, मदत करायला फॉर्मेशन सोडून मागे जातो. इतर कुठल्याही सिनेमात तो नायक ठरला असता. सॅव्हेज त्याला सगळ्यांसमोर झापतो आणि हुकूम काढतो की आजच्या आज सगळ्यांच्या खोल्या बदला, मित्र म्हणून कुणी कुणासोबत राहणार नाही. ऐकताना राग येतो. पण एका मित्रासाठी सोडलेल्या जागेची किंमत दुसऱ्या विमानातली दहा माणसं मोजणार असतात. बरोबर आणि चूक यांची सोपी वाटणी इथे होत नाही, आणि सिनेमा ती करायला जातही नाही.

सिनेमाचं नाव त्या काळातल्या एका ठरावीक धोक्यावरून आलं आहे. विमानात दिशा घड्याळाच्या काट्यांवर सांगतात. नाकासमोर बारा, शेपटीकडे सहा, उजवीकडे तीन. 'बारा वाजता, वरून' म्हणजे शत्रू थेट समोरून आणि उंचावरून येतोय. १९४२च्या शेवटी जर्मनांच्या लक्षात आलं की बी-१७चं नाक कमकुवत आहे, तिथे पुरेशा बंदुका नाहीत. एगॉन मायर या वैमानिकाने समोरून हल्ला करण्याची पद्धत बसवली. समोरासमोर येताना दोन्ही विमानांचे वेग जोडले जातात आणि मधलं अंतर सेकंदाला दोनशे मीटरहून जास्त कमी होतं. नाकात बसलेल्या माणसाला नेम धरायलाही वेळ मिळत नाही. वैमानिकाच्या समोर काच असते, आणि काचेत मोठं मोठं होत जाणारं विमान.

पंचवीसचा हिशोब

आता थोडं गणित. ते समजल्याशिवाय या माणसांच्या डोक्यात काय चालत असेल ते कळत नाही.

१९४३च्या वसंतात ठरलं की एका माणसाने २५ मोहिमा पूर्ण केल्या की त्याची सुटका, तो घरी जाऊ शकतो. समजा, प्रत्येक मोहिमेत शंभरातली चार विमानं परत येत नाहीत. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण हे चार टक्के दरवेळी नव्याने कापले जातात. पहिल्या मोहिमेनंतर शंभरातले ९६ उरतात, मग त्या ९६ मधले चार टक्के जातात, आणि असं पंचवीस वेळा. शेवटी ३६ उरतात. तोटा पाच टक्के धरला तर २८सुद्धा राहत नाहीत. म्हणजे नियमाप्रमाणे काम केलं तर मरण्याची किंवा कैदी होण्याची शक्यता वाचण्याच्या शक्यतेच्या जवळजवळ दुप्पट. मेसमध्ये बसलेल्या विशीतल्या पोरांना ही आकडेमोड येत होती. ती करायला कागदही लागत नव्हता, समोरच्या रिकाम्या खुर्च्या पुरेशा होत्या.

ही सरासरी झाली. काही दिवस सरासरीच्या पलीकडचे असत. १७ ऑगस्ट १९४३ रोजी श्वाइनफुर्टचे बॉल बेअरिंगचे कारखाने आणि रेगन्सबुर्गचा विमान कारखाना यांवर एकाच दिवशी हल्ला झाला. ३७६ बी-१७ निघाली, ६० परतली नाहीत. एका विमानात दहा माणसं, म्हणजे एका दिवसात सहाशे. १४ ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्ट, पुन्हा ६०, आणि या वेळी निघालेली विमानं होती २९१. पटकथाकार बर्न ले रेगन्सबुर्गच्या मोहिमेत निरीक्षक म्हणून एका विमानात बसून गेले होते. पुढच्या वर्षी त्यांचं स्वतःचं विमान फ्रान्सवर पाडलं गेलं आणि ते लपतछपत सुटून आले. सिनेमात शेवटी ज्या लक्ष्यासाठी सगळे जीव टांगणीला लागतात तेही बॉल बेअरिंगचेच कारखाने आहेत, आणि ते लिहिणाऱ्याने तिथल्या आकाशात काय होतं ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

संपूर्ण युद्धात एट्थ एअर फोर्सची सुमारे २६,००० माणसं मेली. अमेरिकेच्या अख्ख्या मरीन कोअरच्या मृतांपेक्षा हा आकडा मोठा आहे. रात्री उडणाऱ्या ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले.

शरीर आणि डोकं

बी-१७च्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. पंचवीस हजार फुटांवर ऑक्सिजनचा मास्क लावूनच बसायचं. तापमान उणे चाळीस किंवा त्याहून खाली. विमानाच्या मधल्या भागात दोन्ही बाजूंचे तोफची उघड्या खिडकीशी उभे असत आणि वारा थेट अंगावर. विजेवर तापणारे कपडे होते, पण वायर तुटली की तो हात किंवा पाय गेलाच समजायचं. हातमोजा काढून बंदुकीच्या धातूला बोट लावलं तर कातडी तिथेच चिकटून राही. मास्कमध्ये श्वासाची वाफ गोठली की ऑक्सिजन बंद, आणि माणूस न कळत, अगदी सुखाने, बेशुद्ध. सुरुवातीच्या काळात शत्रूच्या गोळ्यांपेक्षा हिमदंशाने जायबंदी झालेली माणसं जास्त होती. हे सगळं सहा-सात-आठ तास.

हे शरीराचं झालं. मनावर येणारा ताण मला याहून भयंकर वाटतो, आणि त्याची कारणं नीट पाहिली पाहिजेत.

पहिलं कारण हतबलता. लढाऊ विमान आलं तर तोफची निदान गोळी तरी झाडू शकतो. जमिनीवरच्या विमानविरोधी तोफांचे गोळे मात्र वर येऊन आपोआप फुटतात, काळ्या धुराचे पुंजके दिसतात आणि पत्रा फाडत तुकडे आत येतात. त्यांच्यावर गोळी झाडता येत नाही. त्यात लक्ष्य जवळ आलं की शेवटची काही मिनिटं विमान अगदी सरळ रेषेत, एकाच उंचीवर, एकाच वेगाने न्यावं लागे, नाहीतर बॉम्ब चुकतात. त्या वेळात विमानाचा ताबा बॉम्ब टाकणाऱ्याच्या यंत्राकडे असे. वैमानिकाला समोर स्फोट दिसतायत, बाजूला वळावंसं सगळं शरीर ओरडून सांगतंय, आणि त्याने काहीही करायचं नाही. धोका दिसला की पळ किंवा लढ, हे माणसाच्या रक्तात आहे. दोन्ही वाटा बंद करून त्याला खुर्चीत बसवून ठेवलं की तो धक्का आतल्या आत साठत जातो.

दुसरं कारण वाट बघणं. पहाटे दोन-तीनला उठवायचं. नाश्ता. मग बैठक, जिथे भिंतीवरचा नकाशा पडद्याने झाकलेला. पडदा सरकला की दोऱ्याने आखलेला मार्ग दिसतो. दोरा फ्रान्सच्या किनाऱ्यावर संपला तर सुटकेचा निःश्वास, जर्मनीत खोल गेला तर खोलीभर कण्हणं. मग कपडे चढवून विमानात बसायचं, आणि बऱ्याचदा तिथे कळायचं की धुक्यामुळे आजची मोहीम रद्द. ती पंचविसात मोजली जात नसे. मरणाची सगळी तयारी करून माणूस परत बिछान्यात, उद्या पुन्हा तेच. इंग्लंडच्या हवेने या पोरांचा किती जीव खाल्ला असेल, कल्पना करवत नाही.

तिसरी गोष्ट थोडी विचित्र आहे. खंदकातला सैनिक आठवडेच्या आठवडे चिखलात असतो, त्याचं सगळं जगच युद्ध असतं. बॉम्बरवाला दुपारी नरकातून येतो, संध्याकाळी धुतलेल्या चादरीवर झोपतो, गावातल्या पबमध्ये बिअर पितो. सकाळी शेजारच्या खाटेवरच्या मुलाने दाढी केली होती, संध्याकाळी त्याच खाटेवरचं सामान कुणीतरी पेटीत भरतंय. रोज दोन जगांमध्ये ये-जा करावी लागली की कुठल्याच जगाची सवय होत नाही.

याचे परिणाम डॉक्टरांना दिसत होते. झोप न येणं, स्वप्नात किंचाळणं, हात थरथरणं, जेवण न जाणं, दारू वाढणं, क्षुल्लक कारणावरून मारामारी. आणि एक खास लक्षण: इंजिनात बिघाड वाटतोय म्हणून अर्ध्या वाटेतून परत येणाऱ्या विमानांची संख्या वाढणं. मेकॅनिकला बिघाड सापडत नाही. वैमानिक खोटं बोलत असतोच असं नाही. इतक्या ताणात इंजिनाचा आवाज खरोखरच वेगळा ऐकू येतो.

खरी तुकडी, खरे साहेब

सिनेमातला तळ आर्चबरी आणि तुकडी '९१८ बॉम्ब ग्रुप'. दोन्ही काल्पनिक. खरी तुकडी ३०६ बॉम्ब ग्रुप, तळ बेडफर्डशरमधला थर्लाय. ३०६ ला तीनने गुणलं की ९१८.

१९४२च्या अखेरीस ३०६ची अवस्था बिकट होती. विमानं जात होती, माणसं मरत होती, शिस्त आणि उमेद दोन्ही ढासळली होती. तुकडीचे प्रमुख कर्नल चार्ल्स ओव्हरअॅकर आपल्या माणसांवर जीव लावणारे. ४ जानेवारी १९४३ रोजी ईकर यांनी त्यांना बाजूला केलं आणि फ्रँक आर्मस्ट्राँग यांना बसवलं. हे आर्मस्ट्राँग म्हणजे १७ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्समधल्या रुआँवर अमेरिकी जड बॉम्बरांचा पहिला हल्ला नेणारे अधिकारी. फेब्रुवारी १९४२ मध्ये ईकर जे सहा अधिकारी घेऊन इंग्लंडला आले होते त्यांत आर्मस्ट्राँग होते आणि बर्न लेसुद्धा होते. २७ जानेवारीला, म्हणजे ताबा घेतल्यावर तीन आठवड्यांनी, आर्मस्ट्राँग यांच्या नेतृत्वाखाली विल्हेल्म्सहाफेनवर हल्ला झाला. जर्मनीच्या भूमीवर अमेरिकी बॉम्बरांचा तो पहिला हल्ला.

इथपर्यंत सिनेमा आणि इतिहास हातात हात घालून चालतात. फरक पुढे आहे. आर्मस्ट्राँग थर्लायला जेमतेम दीड महिना होते, मग त्यांची बदली झाली. ते कोसळले नाहीत. नंतर पॅसिफिकमध्येही लढले. सॅव्हेजचं कोसळणं लेखकांनी इतर माणसांकडून घेतलं, त्यांनी पाहिलेल्या अनेकांकडून. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो. खऱ्या माणसाची यशोगाथा हाताशी तयार होती. तीच सांगितली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं.

सिनेमातला सुरुवातीचा भीषण प्रसंगही खराच आहे. एक विमान पोटावर घसरत उतरतं. हे दृश्य पॉल मँट्झ या स्टंट वैमानिकाने एकट्याने बी-१७ उडवत खरोखर केलं. आतून बिशप नावाचा तरुण सहवैमानिक उतरतो. मुख्य वैमानिकाच्या डोक्याला मार लागलाय, भ्रमात तो परतीचा सगळा वेळ बिशपशी झटापट करत होता. जुलै १९४३ मध्ये जॉन मॉर्गन या सहवैमानिकाच्या वाट्याला हेच आलं होतं. एका हाताने विमान चालवायचं, दुसऱ्याने आपल्याच भ्रमिष्ट वैमानिकाला रोखायचं, दोन तास. त्याच विमानातल्या एका तोफचीचा हात उडाला. विमानात रक्त थांबवता येईना, म्हणून नेव्हिगेटरने (विमानाचा मार्ग आखणाऱ्याने) त्याला पॅराशूट बांधून शत्रूच्या प्रदेशावर खाली सोडला, जर्मन डॉक्टर तरी वाचवतील म्हणून. तो वाचला. मॉर्गन यांना अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

डॉक्टर काय करत होते

त्या काळात या त्रासाला एकच एक नाव नव्हतं. पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' म्हणत, आता 'कॉम्बॅट फटीग', म्हणजे लढाईचा थकवा. आज आपण ज्याला पीटीएसडी (भयानक अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) म्हणतो ते निदान अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये. १९४३ मध्ये डॉक्टरपुढचा प्रश्न असा: हा माणूस आजारी आहे, थकलाय, की घाबरलाय? आणि उत्तर चुकलं तर दोन्हीकडून गोत्यात. ज्याला उडू द्यायला नको तो उडाला तर आणखी नऊ जण त्याच्यासोबत मरतील. ज्याला थांबवला त्याच्या जागी दुसरा जाईल, आणि उद्या रांगेत आणखी चार जण उभे राहतील.

ब्रिटिशांनी यावर एक क्रूर उपाय काढला. जो उडायला नकार देईल आणि ज्याच्यात वैद्यकीय कारण सापडणार नाही, त्याच्या कागदांवर 'नैतिक बळाचा अभाव' असा शेरा मारायचा, छातीवरचा वैमानिकाचा बिल्ला काढून घ्यायचा आणि हलक्या कामाला लावायचं. पंधरा-वीस मोहिमा करून मोडलेल्या माणसालाही हा शेरा बसू शकत होता. अमेरिकन त्या मानाने सौम्य होते. गुंगीची औषधं देऊन सलग झोपवणं, मग इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या मोठ्या हवेल्यांमध्ये विश्रांती. गणवेश काढा, साधे कपडे घाला, गोल्फ खेळा. नंतर परत विमानात.

उत्तर आफ्रिकेत अशा वैमानिकांवर उपचार करणारे रॉय ग्रिंकर आणि जॉन स्पीगल हे दोन मानसोपचारतज्ज्ञ एका निष्कर्षावर आले, जो त्या काळात सोपा नव्हता: कुणीही मोडू शकतो. प्रश्न माणूस कच्चा की पक्का एवढाच नाही, ताण किती आणि किती काळ, हाही आहे. चर्चिल यांचे डॉक्टर लॉर्ड मोरन पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये होते. त्यांनी हे धैर्याच्या भांडवलाच्या रूपात मांडलं. प्रत्येकाच्या खात्यात काही शिल्लक असते, कुणाच्या जास्त, कुणाच्या कमी. लढाईत तो रोज त्यातून काढत असतो. शिल्लक संपली की संपली, मग तो किती शूर होता याला अर्थ नाही.

या पार्श्वभूमीवर २५ या आकड्याकडे पाहा. सुरुवातीला कसलीच मर्यादा नव्हती. मरेपर्यंत किंवा जखमी होईपर्यंत उडायचं. ३०६ तुकडीचेच डॉक्टर, थर्मन शुलर, यांनी वरिष्ठांकडे धरणं धरल्यासारखा आग्रह धरला की काहीतरी शेवट ठरवा, आकडा सांगा. गोळ्या आणि हवेल्यांपेक्षा मोठं औषध ते हेच, असं मला वाटतं. वाचण्याची शक्यता आकड्याने वाढली नाही. पण मोजायला शेवट मिळाला. पुढे लांब पल्ल्याची लढाऊ विमानं आली, नुकसान घटलं, तशी ही मर्यादा १९४४ मध्ये आधी ३० आणि नंतर ३५ केली गेली.

मग सॅव्हेजला काय होतं

आता सिनेमाचा कणा. सुरुवातीला तुकडी कर्नल डेव्हनपोर्टकडे आहे. एका नेव्हिगेटरची चूक होते आणि तिची किंमत माणसांनी मोजावी लागते. वरिष्ठ म्हणतात, त्याला काढ. डेव्हनपोर्ट नकार देतो, तो पोरगा आधीच मनात जळतोय म्हणून. डेव्हनपोर्टलाच काढतात. नेव्हिगेटर आत्महत्या करतो. सॅव्हेजचं निदान असं: डेव्हनपोर्ट आपल्या माणसांमध्ये फार गुंतला. तो उत्तम माणूस आहे, म्हणूनच प्रमुख म्हणून निकामी झाला.

सॅव्हेज येतो आणि बार बंद करतो, रजा रद्द करतो, अनुभवी वैमानिकांना नवशिक्यांसारखा सराव करायला लावतो. पोरांना सांगतो की घरी जाण्याचे बेत सोडा, आपण मेलोच आहोत असं धरून चाला, मग सोपं जाईल. गेटली हा अधिकारी कामचुकार आहे असं ठरवून त्याला एक विमान देतो, त्याचं नाव ठेवतो 'लेपर कॉलनी', म्हणजे कुष्ठरोग्यांची वस्ती, आणि तळावरची सगळी नको असलेली माणसं त्यात भरतो. सगळे वैमानिक बदलीचे अर्ज देतात. स्टोव्हल पेशाने वकील. तो ते अर्ज कागदी घोळात मुद्दाम अडकवून ठेवतो आणि सॅव्हेजला वेळ मिळवून देतो. हळूहळू तुकडी सुधारते. एकदा माघारीचा हुकूम आला असता रेडिओ बिघडल्याचं सांगून सॅव्हेज मोहीम पुरी करतो. पोरांना अभिमान वाटू लागतो. बदलीचे अर्ज मागे घेतले जातात. गेटली पाठीचं दुखणं लपवून उडत राहतो आणि शेवटी काही काळ खाटेला खिळतो.

अनेक जण सिनेमा इथेच संपवतात. अमेरिकी हवाईदलात आणि कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गात हा सिनेमा दशकानुदशकं नेतृत्वाचा धडा म्हणून दाखवला जातो, आणि धडा बहुधा हाच असतो: ढिली तुकडी, कडक साहेब, उत्तम निकाल. मला याचा मनापासून राग येतो. उरलेला अर्धा भाग या धड्याचं उत्तर आहे.

कारण सॅव्हेजही गुंततो. बिशप, ज्याला त्याने स्वतः समजावून थांबवलं होतं, मरतो. ज्यांना तो नावाने ओळखू लागला ते एकेक करून जातात. डेव्हनपोर्टला जे सांगितलं ते आता डेव्हनपोर्ट त्याला सांगतो, आणि त्याला ते ऐकू येत नाही. मग एका सकाळी इंजिनं सुरू आहेत, सगळे बसले आहेत. सॅव्हेज नेहमीप्रमाणे विमानाच्या पोटाकडचा दरवाजा धरून स्वतःला वर ओढून घ्यायला जातो. हात वर जातात, पकड बसते, आणि शरीर उचललंच जात नाही. तो पुन्हा ओढतो. हात थरथरतात. पेक यांच्या चेहऱ्यावर भीती नाही. आश्चर्य आहे, आपल्याच हातांनी हुकूम मानला नाही याचं. त्याच्या जागी ताफ्याचं नेतृत्व घेऊन कोण जातं? गेटली.

नंतर सॅव्हेज खुर्चीत सुन्न बसून राहतो. बोलत नाही, ऐकत नाही. विमानं परत येईपर्यंत तसाच. हे लेखकांनी नाट्यासाठी रचलेलं नाही. गोठून जाणं, हातापायांतली ताकद अचानक जाणं, हे त्या काळातल्या डॉक्टरांनी वारंवार पाहिलेलं आहे.

हवाई लढाईची दृश्यं दोन्ही बाजूंच्या खऱ्या युद्धचित्रणातून घेतली आहेत. तेव्हा ती पाहताना एवढं ध्यानात असू द्या की कोसळणाऱ्या त्या विमानांमध्ये नट नव्हते.

आणि कुणाला हा सिनेमा प्रशिक्षणात दाखवायचाच असेल, तर माझी विनंती आहे की शेवटची वीस मिनिटं आधी दाखवा. मग पहिल्यापासून लावा, आणि वर्गाला विचारा की सॅव्हेज मोडत चाललाय हे कोणत्या दृश्यात पहिल्यांदा दिसतं, तळावरच्या कुणाला ते दिसायला हवं होतं, आणि दिसलं असतं तर जनरलला 'आता थांबा' म्हणण्याचा अधिकार कुणाकडे होता.